दादांना सांगू की नको?

«ताई, मी एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या सेमला आहे, घर मानेवाड्याला. प्रोजेक्टसाठी एका सेल बायोलॉजीच्या रिसर्च कंपनीत तीन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली, घरी पेढे वाटून झाले. आता दीड महिना झाला आणि मी रोज मेट्रोने खापरीपर्यंत आणि तिथून ऑटोने जाते ते कशासाठी, तर टिप बॉक्स भरायला, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) लावायला, मीडियाचे, म्हणजे पेशींच्या खाद्य द्रवाचे, ५०-५० एमएलचे भाग करायला आणि इन्क्युबेटरचं रजिस्टर लिहायला. पेशींना हात लावू देत नाहीत. वरून गोपनीयतेच्या कागदावर सही घेतली, म्हणजे कंपनीचा डेटा रिपोर्टमध्ये टाकायचा नाही, आणि कॉलेजचे गाइड सर म्हणतात रिझल्ट नाही तर सबमिशन नाही. माझ्या मैत्रिणीने एका ट्रेनिंग सेंटरला १५ हजार भरले, तिथे ग्राफसकट पूर्ण थिसिस बांधून मिळतो. बाबा म्हणतात सोड ते, एमपीएससीचा क्लास लाव. अजून एक, छोटंसंच आहे, गेल्या शुक्रवारी सीनियर दादांना अचानक मीटिंगला जावं लागलं तर म्हणाले दोन फ्लास्कचा मीडिया बदलून ठेव, एक हेला आणि एक एमसीएफ-७, दोन्ही कॅन्सरच्या वेगवेगळ्या पेशी. मी घाईत दोन्हीत एकाच बाटलीतून मीडिया टाकला आणि मला वाटतं पिपेटही बदललं नाही. कोणी पाहिलं नाही. पेशी मस्त दिसताहेत. पुढच्या आठवड्यात दादा त्यातूनच व्हायल्स, म्हणजे पेशींच्या छोट्या कुप्या, फ्रीज करणार आहेत. सांगायची गरज आहे का? आणि इंटर्नशिप सोडू का?»

हे बघ, तू पत्र मोठ्ठं लिहिलंस आणि त्यातलं निम्मं टिप बॉक्सवर खर्च केलंस, आणि जी गोष्ट तुला रात्री झोपू देत नसेल ती "छोटंसंच आहे" म्हणून शेवटी सरकवून दिलीस. म्हणून मी उलटीकडून सुरू करते. हो, सांगायची गरज आहे. उद्या सकाळी, दादा हूडवर, म्हणजे गाळलेल्या हवेच्या त्या बंदिस्त टेबलावर, बसायच्या आधी. तुझा मेल आला त्याच दिवशी मी तुला एवढ्या दोन ओळी पाठवल्या होत्या, कारण व्हायल्स फ्रीज व्हायची गोष्ट सदर छापून यायची वाट बघणारी नव्हती. का सांगायचं आणि कसं सांगायचं ते इथे सविस्तर लिहितेय, कारण तुझ्यासारख्या अजून चारजणी हे वाचून मनातल्या मनात आपापला शुक्रवार आठवत असतील. (कंपनी ओळखू येईल असं जे काही होतं ते मी पत्रातून काढून टाकलंय, तू सही केलेली आहेस हे लक्षात ठेवून.)

आता हेलाबद्दल तुला कॉलेजात शिकवलंच असेल, १९५१ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता, ह्या पेशी घेतल्या, बाई त्याच वर्षी वारली आणि पेशी आजवर वाढून राहिल्या. परीक्षेत आपण एवढं लिहून पाच मार्क घेतो. पण लॅबमध्ये हेलाची ओळख वेगळी आहे, तिथे तिला लोक घाबरून असतात. शेतात गाजरगवत शिरलं की पीक कसं दबून जातं ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको, हेलाचं तसंच, एक पेशी चुकून दुसऱ्या फ्लास्कमध्ये गेली की हळूहळू सगळा फ्लास्क तिचा.

हिशोबच करून दाखवते म्हणजे तुला "पेशी मस्त दिसताहेत" ह्या वाक्यात काय अडचण आहे ते कळेल. हेला साधारण २४ तासांत दुप्पट होते. एमसीएफ-७, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरची पेशी, आळशी आहे, समज दोन दिवस घेते. तुझ्या शुक्रवारच्या पिपेटमधून समज एक लाख एमसीएफ-७ मागे एकच हेला गेली. वीस दिवसांत हेला वीस वेळा दुप्पट झाली म्हणजे सुमारे दहा लाख पट, आणि एमसीएफ-७ दहा वेळा म्हणजे सुमारे हजार पट. म्हणजे हेलाने हजारपटीने आघाडी मारली, लाखात एक होती ती आता शंभरात एक. अजून वीस दिवस जाऊ दे, मग एका एमसीएफ-७ मागे दहा हेला. मधे तू कितीही वेळा पासेज केलंस, म्हणजे थोड्या पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवल्यास, तरी फरक पडत नाही, कारण पासेज करताना दोघीही सारख्याच प्रमाणात कमी होतात. आणि आज मायक्रोस्कोपखाली काय दिसेल, तर एमसीएफ-७ चे ते नेहमीचे चिकटून बसलेले घोळके, सगळं छान. लाखात एक वेगळी पेशी तुलाच काय, दादांनाही दिसणार नाही. तर "दिसत नाही म्हणजे झालं नाही" असं इथे म्हणता येत नाही बाई.

आणि हे काही मी तुला घाबरवायला सांगून राहिली नाही, जगभर झालेलं आहे. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर ह्या शास्त्रज्ञाने वेगवेगळ्या समजल्या जाणाऱ्या अठरा सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेले पेशींचे वंश, तपासल्या, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या ऊतींमधून काढलेल्या म्हणून वापरात असलेल्या, आणि एका एन्झाइमच्या प्रकारावरून दाखवलं की त्या सगळ्या बहुतेक हेलाच आहेत. लोक जाम चिडले होते त्याच्यावर. साहजिक आहे, तुमची वर्षांची मेहनत कुणी दुसऱ्याचीच पेशी आहे म्हणून सांगितलं तर चिडणारच ना. एमडीए-एमबी-४३५ ही लाइन तर कित्येक वर्षं स्तनाच्या कॅन्सरची म्हणून वापरली गेली आणि शेवटी निघाली त्वचेच्या मेलॅनोमाची. चुकीची ओळख लागलेल्या लाइनींची आंतरराष्ट्रीय यादी आहे, त्यात पाचशेच्या वर नावं आहेत. त्यातल्या किती गोष्टींच्या मुळाशी एखादी घाईची संध्याकाळ आणि एकच बाटली असेल, आता कोण शोधणार. कुणीतरी कुठेतरी नक्की पाहिलं असेल की आपल्याकडून काहीतरी झालंय, आणि म्हटलं असेल जाऊ दे, छोटंसंच आहे.

तुझ्या बाबतीत अजून काहीही बिघडलेलं नसायची शक्यता चांगलीच आहे, हेही खरं. आधी कोणता फ्लास्क उघडला होतास ते तू लिहिलंच नाहीस. आधी एमसीएफ-७ आणि मग हेला असा क्रम असेल तर धोका बराच कमी, कारण हेलाच्या फ्लास्कमध्ये चार आळशी पेशी गेल्या तरी त्या मागे पडून जातात. आधी हेला आणि मग एमसीएफ-७ असेल तर मात्र धोका खरा आहे. म्हणून तर ज्या लॅबमध्ये हेला असते तिथे ती दिवसाच्या शेवटी उघडतात, आधी हळू वाढणाऱ्या लाइनी, मग हूड ७० टक्के अल्कोहोलने पुसायचा, थोडा वेळ हूड रिकामा चालू ठेवायचा आणि मग हेला. एका वेळी हूडमध्ये एकच लाइन. आणि प्रत्येक लाइनीची बाटली वेगळी.

प्रत्येक लाइनीची बाटली वेगळी म्हटल्यावर काही आठवलं का? तू दीड महिना जे मीडियाचे ५०-५० एमएलचे भाग करून राहिली आणि ज्याचा तुला एवढा कंटाळा आलाय, ते कशासाठी होते असं तुला वाटलं? ते ह्याचसाठी. ५०० एमएलची मोठी बाटली प्रत्येक वेळी उघडली तर एकदा काही त्यात गेलं की सगळ्या फ्लास्कमध्ये जाईल, म्हणून छोटे भाग, त्यावर लाइनीचं नाव आणि तारीख. तुला कुणी हे सांगितलं नाही ही चूक त्यांची आहे, आणि तू विचारलं नाहीस ही तुझी. दीड महिन्यात एकदाही "दादा, एवढे भाग कशाला करतो आपण?" असं तोंडातून निघालं नाही? नागपूरच्या पोरीच्या?

आता सांगायचं कसं. रडत नाही, आणि पंधरा मिनिटांची प्रस्तावना बांधत नाही. व्हॉट्सअॅपवर तर अजिबात नाही, समोर जाऊन. साधं एवढंच, "दादा, शुक्रवारी तुम्ही सांगितलेला मीडिया बदलला तेव्हा मी हेला आणि एमसीएफ-७ दोन्हीसाठी एकच बाटली वापरली, पिपेट बदललं की नाही ते मला खात्रीने सांगता येत नाही, आधी अमुक फ्लास्क उघडला होता. ती बाटली फ्रिजमध्ये अमुक ठिकाणी आहे, मी त्यावर वापरू नका लिहून ठेवलंय. एमसीएफ-७ फ्रीज करायच्या आधी तुम्हाला माहीत असावं." आणि गप्प. सॉरी म्हणायचं एकदा, दहादा नाही. "तुम्ही मला शिकवलंच नव्हतं" हे त्या दिवशी म्हणायचं नाही, ते खरं असलं तरी, त्याचा दिवस वेगळा. त्या बाटलीचं मात्र आधी बघ, ती अजून फ्रिजमध्ये असेल आणि दुसरं कुणी तीच वापरून राहिलं असेल तर तुझ्या एका फ्लास्कचे चार फ्लास्क होतील.

रजिस्टरमध्येही लिही. शुक्रवारच्या ओळीत मागे जाऊन काही घुसडायचं नाही, व्हाइटनर तर विचारातही आणायचा नाही. आजची तारीख टाकून नवीन नोंद, "शुक्रवार अमुक तारखेच्या कामाबद्दल उशिरा नोंद" असं लिहून काय झालं ते दोन ओळीत, खाली सही. चुकीचं काही आधीच लिहिलेलं असेल तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. ही सवय तुला पुढे कुठल्याही फार्मा कंपनीत पहिल्या आठवड्यात लावतील, तू आत्ताच लावून घे.

आणि समजा तू हे वाचेपर्यंत व्हायल्स फ्रीज झाल्याच असतील, तरी सांग. तेव्हा तर जास्तच सांग. व्हायल्स लिक्विड नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर जातात आणि तिथे वर्षानुवर्षं तशाच राहतात, पाच वर्षांनी तू कुठे असशील, दादा कुठे असतील, कुणी तिसराच ती व्हायल काढेल आणि त्यावर एमसीएफ-७ लिहिलेलं वाचून कामाला लागेल. पण प्रत्येक व्हायलवर तारीख आणि पासेज नंबर असतो, रजिस्टरमध्ये कोणत्या कॅनमध्ये कोणत्या खणात ठेवली ते असतं, म्हणजे कुणी सांगितलं तर नेमक्या त्याच व्हायल्स बाहेर काढता येतात. ते रजिस्टर, जे लिहायला तुला जिवावर येतं.

कंपनी काय करेल? बहुतेक तो फ्लास्क ब्लीच टाकून फेकून देतील आणि जुनी व्हायल वितळवतील, दोन आठवड्यांत काम परत रुळावर. किंवा पेशींचा डीएनए एसटीआर प्रोफाइलिंगला पाठवतील, म्हणजे माणसाची ओळख पटवायला फॉरेन्सिकवाले जी टेस्ट करतात साधारण तीच, पेशींचा नमुना मूळ लाइनीच्या नोंदीशी जुळवून बघायचा. पण सुरुवातीला मिसळलेल्या पेशी फार कमी असतील तर त्या टेस्टमध्येही निसटू शकतात, म्हणून मला विचारशील तर फेकणंच स्वस्त. नवीन लाइन हवीच असेल तर पुण्याला विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस आहे, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, देशाचं सेल लाइनींचं भांडार तिथेच आहे. ओरडा पडेल का? पडेल. दादा चिडतील, एखादेवेळी तुझ्यावर कमी आणि स्वतःवर जास्त, कारण ज्या पोरीला कधी हूडवर बसवलं नाही तिच्या हाती दोन फ्लास्क देऊन मीटिंगला जाणारा माणूस कोण होता ते त्यांनाही माहीत आहे. आणि खरं सांगितलं म्हणून काढून टाकणारी कंपनी निघालीच तर दीड महिन्यात सुटलीस असं समज, पण मला तसं वाटत नाही. ह्या धंद्यात काम करणारा प्रत्येकजण मनातून हेच बघत असतो की ह्या पोट्टीकडून काही बिघडलं तर ही सांगेल का. पेशींना हात लावू द्यायचा की नाही ते त्यावरच ठरतं, मार्कांवर नाही.

आता तुझ्या बाकीच्या तक्रारी. तुझ्यावर अन्याय होऊन राहिला का, तर थोडा होतोय. दीड महिन्यात एकही फ्लास्क हाताखाली दिला नाही हे बरोबर नाही, मी कंपनीची बाजू घ्यायला बसलेली नाही. पण मागायचं काय ते तुला कळलं पाहिजे. "मला काम द्या" म्हटलं की अजून टिप बॉक्स मिळतात. त्याऐवजी म्हण, "दादा, जो फ्लास्क तुम्ही फेकणार आहात तो फेकायच्या आधी मला द्या, मी त्यावर ट्रिप्सिन, म्हणजे चिकटलेल्या पेशी सोडवणारं एन्झाइम, द्यायचा सराव करते." फेकायच्या फ्लास्कला कुणी नाही म्हणत नाही. त्यावर तू हवं तितकं चुक. ट्रिप्सिन टाकल्यावर पेशी गोल व्हायला किती वेळ लागतो ते डोळ्याने बघ, फ्लास्कला हलकी थाप मारल्यावर त्या कशा सुटून वाहायला लागतात ते बघ, आणि एकदा मुद्दाम जास्त वेळ ठेवून बघ म्हणजे त्या कशा मरतात तेही कळेल.

आणि जे काम तू करून राहिली त्यातलं का ते विचारत जा. इन्क्युबेटरचं रजिस्टर घे. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, रोज लिहायचं, भैताडासारखं काम वाटतं. पण मीडियात बायकार्बोनेट असतं आणि तो ५ टक्के गॅस त्याच्याशी तोल धरून पीएच ७.४ च्या आसपास ठेवतो, म्हणून बाटली बराच वेळ उघडी राहिली की गॅस उडून मीडिया लालचा जांभळट गुलाबी होतो, आणि पेशींनी खाऊन-पिऊन आम्ल सोडलं की पिवळा. खाली पाण्याचा ट्रे असतो तो आतली हवा दमट ठेवायला, नाहीतर मीडियातलं पाणी उडून क्षार घट्ट होतात. आणि ही गोष्ट खास आपल्याकडची, त्या इन्क्युबेटरला हीटर असतो, थंड करायची सोय बहुतेकांत नसते. खोली त्याच्यापेक्षा थंड असेल तरच तो ३७ वर थांबतो. मे महिन्यात नागपूरला बाहेर ४५ असताना खोलीचा एसी बंद पडला तर इन्क्युबेटर ३७ वर राहूच शकत नाही, तो चढत जातो आणि पेशी आतल्या आत शिजतात. पुण्याच्या लॅबमध्ये ह्याची तितकी फिकीर नसेल, आपल्याकडे आहे. म्हणून रजिस्टरात इन्क्युबेटरबरोबर खोलीचं तापमानही लिहायचं असतं. तुमच्याकडे तो रकाना नसेल तर तू सुचव, आणि बघ दादा कसे बघतात तुझ्याकडे.

गोपनीयतेचा आणि रिपोर्टचा गुंता मात्र खरा आहे आणि तो सोडवायला दोन्हीकडे बोलावं लागेल. कंपनीचं जे औषध असेल, जे कंपाउंड असेल, ज्या क्लायंटचं काम असेल, ते तुझ्या रिपोर्टमध्ये येणार नाही, त्यावर भांडू नकोस. पण हेला कशी वाढते हे कंपनीचं गुपित नाही, ते सगळ्या जगाला माहीत आहे. तर तू दादांकडे एक छोटा, फक्त तुझा असा प्रश्न माग, आमच्या लॅबच्या मीडियात आणि आमच्या इन्क्युबेटरमध्ये हेलाचा ग्रोथ कर्व्ह कसा येतो आणि दुप्पट व्हायला किती तास लागतात. प्लेट एक, पेशी रोजच्याच, खर्च नगण्य. बघायला साधं आहे पण हात असा तयार होतो की विचारू नको.

२४ खणांची प्लेट घे, प्रत्येक खणात वीस हजार पेशी. सोमवारी लाव, मंगळवार ते शनिवार रोज त्याच वेळी तीन खणांतल्या पेशी ट्रिप्सिनने काढून मोज, रविवारी सुट्टी असेल तर सुट्टी, मग परत सोमवारी शेवटचे तीन. अठरा खण लागले, सहा उरले, त्यातले दोन-तीन हात थरथरल्यामुळे वाया जातील त्यासाठी. मधे एकदा मीडिया बदल, ह्यावेळी आपल्या बाटलीतून. मोजायला हिमोसायटोमीटर, म्हणजे चौकोन आखलेली काच, पेशी आणि ट्रायपॅन ब्लू निम्मे-निम्मे. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत पेशी चमकदार राहतात कारण त्यांचं आवरण रंगाला आत घेत नाही. समज चार कोपऱ्यांच्या चौकोनांत मिळून १६८ जिवंत पेशी आल्या, सरासरी ४२, रंगामुळे दुप्पट पातळ केलं म्हणून गुणिले २, आणि काचेच्या मापाचे गुणिले दहा हजार, म्हणजे एका एमएलमध्ये ८ लाख ४० हजार. रेषेवर बसलेल्या पेशींचं ठरवून घे, वरची आणि डावी रेष मोजायची, खालची आणि उजवी सोडायची, आणि मग रोज तेच. पहिल्या दोन दिवशी पेशी कमी असतात तेव्हा चार चौकोनांत मिळून दहा-वीस येतील, त्यावर भरवसा ठेवू नको, कमी व्हॉल्यूममध्ये घे आणि नऊही मोठे चौकोन मोज. पहिल्यांदा मोजशील तेव्हा एकाच नमुन्याचे दोन वेळचे आकडे असे काही वेगळे येतील की तुला वाटेल मशीन बिघडलं, आणि मशीन तर तूच आहेस. ते जमेपर्यंत कर्व्ह लावू नको.

हे तीन वेगवेगळ्या आठवड्यांत तीनदा केलंस, मधल्या सरळ चढणीवरून दुपटीचा वेळ काढलास, तीन वेळांतला फरक दाखवलास आणि तो का आला असेल ते प्रामाणिकपणे लिहिलंस तर एमएस्सीच्या प्रोजेक्टला ते पुरेसं आहे. हातात दीड महिना आहे, तेवढ्यात होतं. गाइड सरांना आधीच जाऊन सांग, रिझल्ट असतील, पण ते कंपनीच्या औषधाचे नसतील, माझ्या स्वतःच्या मोजणीचे असतील. आणि कंपनीकडून हे वापरायला चालेल असं मेलवर लेखी घे, रिपोर्ट जमा करायच्या आधी त्यांना वाचायला दे. गाइड सर आणि दादा ह्यांचं एकदा फोनवर बोलणं करून दे, निम्मे गैरसमज तिथेच मिटतात, दोघांनाही वाटून राहिलं असेल की समोरचा आपल्या अडचणीचा विचारच करत नाही. आणि हूडमधले फोटो काढून स्टोरीला टाकणं बंद कर, तू टाकतेस की नाही मला माहीत नाही पण तुझ्या वयाचे सगळेच टाकतात. मागे व्हाइटबोर्ड दिसतो त्यात.

१५ हजारात थिसिस बांधून मिळतो त्याबद्दल फार लिहीत नाही. तयार ग्राफ विकत घेणं म्हणजे खोटा डेटा, त्याला दुसरं नाव नाही. ट्रेनिंग सेंटर सगळी वाईट नसतात, फी घेऊन खरोखर हूडवर बसवणारीही आहेत, जायचंच असेल तर आधी एवढं विचार की एका हूडवर किती मुलं आणि मला माझा स्वतःचा फ्लास्क पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत सांभाळायला मिळणार का. तुझ्या मैत्रिणीला मुलाखतीत कुणी विचारलं की तुझ्या पेशी ट्रिप्सिनमध्ये किती मिनिटांत सुटायच्या, तर ती काय सांगेल?

बाबांचं म्हणशील तर ते तुला रोज उन्हातून दमून येताना बघतात आणि तू घरी फक्त टिप बॉक्सचंच सांगतेस, त्यांनी दुसरं काय म्हणावं. एमपीएससीचा क्लास जून नंतरही लागतो, कुणी जागा संपवून ठेवत नाही. राहिलेला दीड महिना पूर्ण कर आणि मग खरंच हे काम आवडत नाही असं वाटलं तर खुशाल सोड, त्यात काही कमीपणा नाही. आवडलं तर नेट, गेट, डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती, तिची बीईटी परीक्षा, ह्यांची तयारी, आणि एनसीसीएस किंवा हैदराबादचं सीसीएमबी (पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र) अशा ठिकाणी अर्ज. तिथे एक ओळ लिहिता येईल तुला, की मी एका चालू लॅबमध्ये हेलाचा ग्रोथ कर्व्ह तीनदा लावलाय, आणि पुढचा प्रश्न कुणी काहीही विचारला तरी तुला उत्तर येईल.

आणि हो, प्लेट लावायच्या आधी दादांना विचार की ह्या हेलाची मायकोप्लाझ्मा टेस्ट शेवटची कधी झाली. मायकोप्लाझ्मा हा जिवाणू इतका लहान असतो की साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, मीडिया गढूळ करत नाही, पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिनला जुमानत नाही, नेहमीच्या ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही पार होऊ शकतो, आणि पेशींची वाढ मात्र मंदावून टाकतो, म्हणजे तुझा दुपटीचा वेळ चुकीचा यायचा आणि तुला कळायचंही नाही का. पीसीआरने, म्हणजे त्याच्या डीएनएच्या प्रती वाढवून, तपासतात किंवा डीएनएला चिकटणारा रंग टाकून फ्लुओरेसन्समध्ये बघतात, पेशीच्या केंद्रकाबाहेर बारीक ठिपके दिसले की समजायचं. टेस्ट अलीकडची आणि निगेटिव्ह असेल तर लाव प्लेट. जुनी असेल तर आधी ती करून घ्या म्हण, सोमवार एक आठवडा पुढे गेला तरी चालेल.